मावशींना न जमलेलं दूध

जगात जी जी वस्तू वाटली, कुटली, किसली किंवा पिळली की पांढरं काहीतरी निघतं, त्या प्रत्येक वस्तूतून साय काढून दाखवणारं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं, आणि ते म्हणजे तारापूरच्या आमच्या घरमालकीणबाई. मी पेशाने गवंडी. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पुढे शाळेचं आणि माझं पटलं नाही. पण उभ्या जन्मात माझी एक भिंत ओळंब्याला चुकलेली नाही, तेव्हा मी सांगतो ते सरळ असतं एवढं धरून चाला. मी सोलापूरकडचा माणूस. आमच्या घरी तीन म्हशी होत्या आणि दूध म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. असा मी, आणि नशिबाने मला खोली भाड्याने मिळाली ती अशा घरात, जिथे म्हशीचं, गाईचं, शेळीचं, कुठलंच दूध उंबऱ्याच्या आत येत नव्हतं.

का येत नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. शेजारणीला त्या सांगत, लहानपणी म्हशीने त्यांना शिंगावर घेऊन आपटलं होतं. सत्यनारायण घालायला आलेल्या भटजींना त्यांनी सांगितलं की वासराच्या तोंडचं काढून देवापुढे ठेवणं त्यांच्या मनाला पटत नाही. भटजी बिचारे पंचामृताचं दूध, दही, तूप स्वतःच्या घरून तांब्यातून घेऊन आले, आणि पूजा झाल्यावर उरलेलं सगळं बाईंनी त्यांच्याबरोबर परत पाठवलं. मला म्हणाल्या की दुधाने कफ होतो, आवाज बसतो. हे सांगताना त्यांचा आवाज असा लागला होता की वाडीच्या पलीकडच्या बाईने विहिरीवरून विचारलं, "कोणाशी भांडतेस ग?" एकदा मी हट्टालाच पेटलो आणि म्हणालो, "मावशी, ह्यातलं खरं कारण कुठलं?" तर म्हणाल्या, "तुला कुठला बरा वाटला? तोच खरा."

पण दूध नको म्हणजे साय नको असं मात्र नव्हतं. उलट साईवाचून त्यांचा घास उतरत नसे. त्यांची साय नारळाची. वाडीत वीस-पंचवीस माड होते, आणि प्रत्येक माडाच्या नारळाची चव त्यांना वेगळी कळायची. नारळ कानाशी धरून हलवायच्या आणि घरात कोणी पाव्हणा आला असला तरी त्याला गप्प करून ऐकायच्या. खवणीवर बसल्या की पाठ ताठ, डोळे मिटलेले, आणि हात असा फिरायचा की करवंटीला खोबऱ्याचा एक कण उरायचा नाही, पण करवंटीची तपकिरी सालही किसात उतरायची नाही. मग तो कीस पाट्यावर जरासा फिरवून पिळायचा, ते पहिलं दूध. पुन्हा पाणी घालून पिळायचा, ते दुसरं. तिसरं निघायचं ते मांजरीला. ह्या दुधांविषयी त्यांचे नियम सरकारी नियमांहून कडक होते. "पयला दूद म्हंजे जावई," त्या मला समजावून सांगत. "त्याला चुलीपुढं बसवायचा नाय. सगला रांधून झाला, भांडा खाली उतरला, की मंग त्याला आणायचा. दुसरा दूद म्हंजे घरचा पोरगा, त्याला पायजे तेवढा राबव." वालाच्या बिरड्यात, लाल भोपळ्याच्या भाजीत, शिराळ्यात, शेवटी ते जावईदूध पडायचं, आणि वर एक जाड, गोडसर, पांढरा थर धरायचा. मी तो कित्येक महिने बाजूला सारून खात होतो. मनात म्हणायचो, ही साय नव्हे, साईचं सोंग आहे.

आणि नारळावर थांबतील तर त्या मावशी कसल्या. खसखस भिजवून वाटायच्या. उन्हाळ्यात रेतीतली कलिंगडं खाल्ली की अंगणातल्या सगळ्यांनी बिया परत आणून द्यायच्या, असा हुकूम असे. त्या सोलून, वाटून भाजीला दाटपणा यायचा. तांदळाची पेज निवली की तिच्यावर कातडं धरतं, ते अलगद उचलून म्हणायच्या, "बघ मिस्त्री, तांदलाला पण साय हाय." एका पावसाळ्यात त्यांनी फणसाच्या आठळ्या उकडून, वाटून त्यांची साय केली. मी एक घास खाल्ला आणि माझी वरची दाढ खालच्या दाढेला अशी बसली की मला वाटलं, हा सांधा आपल्या सिमेंटपेक्षा पक्का आहे. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, स्वतः एक घास खाल्ला, बराच वेळ चावत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही भिंतीला बरी."

गावच्या पोस्टमनला त्यांनी एकदा नारळाच्या दुधाचा चहा पाजला. चहावर तेलाचे गोल गोल डोळे तरंगत होते. पोस्टमन भला माणूस, त्याने कप खाली ठेवला नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरची पत्रं तो कुंपणावरूनच टाकायला लागला. मांजरीचं तर विचारूच नका. तिला तिसरं दूध पाजून पाजून मावशींनी आपल्या पंथाची केली होती. एक दिवस ती मांजर पलीकडच्या घरात खरं दूध पिताना सापडली. मावशींनी तिला मारलं नाही, हाकललं नाही. आठ दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. मांजर समोर येऊन बसली की तोंड फिरवायच्या आणि मला म्हणायच्या, "तिला सांग, वाटी तिकडं ठेवली हाय."

आता माझी स्वतःची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा मी गाव सोडून इकडे आलो. माझ्या सासऱ्यांना ते अजिबात पसंत नव्हतं. ते म्हणाले, "खाऱ्या पाण्याच्या मुलखात माझी लेक काय खाईल?" मी त्या वेळी ऐन उमेदीत होतो आणि जीभ माझी आधीपासूनच लांब. भर बैठकीत मी म्हणालो, "मामा, तिच्या पानावर रोज साय पडेल. नाही पडली तर तुम्ही येऊन तिला घेऊन जा, मी अडवणार नाही." बोलून गेलो, आणि बोललेलं मी मागे घेत नाही.

इकडे येऊन पाहतो तर बांधकामावर माणसांची जत्रा, जागोजागी चहाच्या टपऱ्या, आणि आसपासच्या गोठ्यांतलं दूध पहाटेच तिकडे जायचं. बायको आली तेव्हा मी पातेली घेऊन बोईसरपर्यंत पायपीट केली. मिळालं ते अर्धं पाणी. पुढेपुढे तेही मिळेना. बायकोला मासळीचा वास सोसत नव्हता, नारळाचं काही गळ्याखाली उतरत नव्हतं. ती भाकरी करायची, चटणीशी दोन घास खायची आणि उठायची. दोन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. भांडली असती तर मी भांडलो असतो. पण ती बोलतच नव्हती. मावशी दारातून हाक मारायच्या, "पोरी, ये, बिरडा केला हाय." ती म्हणायची, "भूक न्हाई मावशी." मी गावी लिहिलेल्या पत्रात मात्र एकच ओळ असायची: सर्व ठीक, रोज पानावर साय असते.

एक दिवस पोस्टमनने कुंपणावरून पत्र फेकलं. सासरे येत होते. लेकीने शेजारणीकडून आपल्या बहिणीला काय लिहवून घेतलं कोण जाणे, पण पत्रात स्पष्ट होतं: तिला घेऊन जायला येतो, सामान बांधून ठेवा.

ते बोईसरला उतरले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी मावशींच्या पुढे जाऊन उभा राहिलो. आयुष्यात मी कोणापुढे असा उभा राहिलेलो नाही. म्हणालो, "मावशी, उद्या तुमची साय वाढा. पण ती म्हशीची आहे एवढंच म्हणा."

मावशी सुपात वाल पाखडत होत्या. सूप थांबलं. "माज्या नारलाला म्हशीचा नाव लावू?"

"एक दिवस हो."

"तुजी भिंत दुसऱ्याने बांधली बोललास तर चालेल तुला?"

मी आल्या पावली परत फिरलो. कारण मला चाललं नसतं.

सासरे आले ते खांद्यावर दोन पिशव्या आणि हातात तुपाचा डबा घेऊन. एका पिशवीत ज्वारीचं पीठ होतं, दुसरीत काय ते नंतर कळलं. मावशींनी तुपाचा डबा पाहिला, आपल्या हाताने उचलून बाहेर ओट्यावर ठेवला आणि त्याच्यावर एक टोपली उपडी घातली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माडाकडे पाहिलं.

दुसरा दिवस सुट्टीचा. मावशींनी सकाळीच चार नारळ फोडून पहिलं दूध काढलं, कल्हईच्या पातेल्यात ठेवलं आणि केळीची पानं कापायला वाडीत गेल्या. बायको विहिरीवर होती, मी दाढी करत होतो. सासरे चुलीजवळ शेकायला बसले होते. त्यांनी पाहिलं, पातेलंभर पांढरं दूध तसंच पडलंय आणि चूल रिकामी जळतेय. आता ज्याचा जन्म गोठ्यात गेला त्या माणसाला न तापवलेलं दूध डोळ्यांसमोर पाहवेल का? त्यांनी पातेलं उचललं, चुलीवर ठेवलं, फुंकणीने जाळ केला आणि उतू जाऊ नये म्हणून हातात पळी घेऊन राखण करत बसले. दूध वर येईना. त्यांनी आणखी एक लाकूड सारलं. मग दुधाने जे करायचं तेच केलं. खाली चोथा, मध्ये पाणी आणि वर तेल.

"अगं ए लेकी!" ते ओरडले. "धाव! दूध नासलं!"

बायको ओल्या हातांनी आली, मी अर्ध्या तोंडाला साबण लावून आलो, आणि दारात मावशी केळीची पानं घेऊन उभ्या. मला वाटलं, आता घराचं छप्पर उडतं. मावशींनी पातेल्यात पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं.

"पावणे, किती वेल बसलात?"

"बराच वेळ, बाई. वरच येईना. म्हटलं म्हस कुठल्या जातीची हाय."

"म्हस माडावर चढून बसली हाय," मावशी म्हणाल्या. "हा नारल हाय. नारलाचा दूद. तुमी त्याचा तेल काढलात. आता डोक्याला लावा."

सासऱ्यांनी पळी हळूच खाली ठेवली. मान माझ्याकडे वळवली. "जावईबापू, रोज पानावर पडते ती साय हीच का?"

माझ्या गालावरचा साबण वाळत होता.

सासरे तोंडाचे फटकळ, पण न्यायाचे. दुसऱ्याच्या घरात आपण नुकसान केलं हे त्यांना लागलं. धोतर सावरून म्हणाले, "आणा नारळ. मी भरून देतो." आणि बसले खवणीवर. आमच्याकडे असलं काही नसतं. कीस कमी आणि करवंटीचा भुगा जास्त पडायला लागला. मावशी डोक्यावर उभ्या. "करवंटी पण खायची हाय का, पावणे? जरा हलक्या हातान्, तो नारल हाय, नांगर नाय." सासऱ्यांनी नारळ उलटा धरला, तो हातातून निसटला आणि गडगडत जाऊन मांजरीला लागला. मांजर उडाली ती थेट माझ्या खांद्यावर. आणि माझी बायको हसली. दोन महिन्यांनी हसली. पदर तोंडावर धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासरे खवणीवरून वर बघत राहिले.

पण म्हणून त्यांनी बेत बदलला असं नव्हे. दुपारी जेवताना त्यांनी भोपळ्याच्या भाजीवरची साय बोटाने चाखली, दोनदा मागून घेतली आणि हात धुताना म्हणाले, "चव वाईट न्हाई. पण उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं, लेकी."

"हो आप्पा," बायको म्हणाली. तिची पेटी भरलेलीच होती. राहा म्हणून म्हणायला माझी जीभ उचलली नाही. शब्द माझाच होता, आणि तो मी भर बैठकीत दिलेला होता.

संध्याकाळी सासऱ्यांनी दुसरी पिशवी सोडली. "ही आता परत कशाला न्यायची? तुम्हीच घ्या, बाई." मावशींनी मूठभर दाणे हातावर घेतले. पांढरे, टणक, चपटे. "हे काय, पोपटाचा खाऊ?"

"करडई," बायको म्हणाली. "आमच्याकडं हिचं दूध काढतात. गव्हाच्या खिरीत घालतात. सणाला."

मावशींचा हात तसाच राहिला. "दूद? ह्याच्यातून?"

"हो. भिजवायची, वाटायची, पिळायची. मग मंद जाळावर ढवळत राहायचं. साईसारखं दाट होतं."

मला मावशींचं ते तोंड अजून आठवतं. जगातल्या सगळ्या पांढऱ्या गोष्टींशी आपली ओळख आहे असं समजणाऱ्या बाईला कळलं होतं की एक राहून गेली. "पोरी," त्या म्हणाल्या, "दोन महिने माज्या घरात बसलीस, आन् हा मला सांगितला नायस? तू असा शिकवल्याबिगर जायाचा नाय. शिकव, मंग खुशाल जा."

सासरे हसले. "एका दिवसाचं काम हाय. एक गाडी चुकवू."

बायकोने रात्री करडई भिजत घालायला सांगितली. सकाळी पाहिलं तर मावशी भिजत घालायला विसरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भिजवली, पण पिळली ती भोकाभोकांच्या फडक्यातून, सगळी टरफलं दुधात. तिसऱ्या दिवशी पाट्यावर इतकी रगडली की कडू झाली. सासऱ्यांना म्हशींची काळजी लागली होती. ते म्हणाले, "मी होतो पुढं. बाईंना आलं की पत्र टाक, मी न्यायला येतो." आणि ते एकटेच गेले. जाताना मावशींनी त्यांच्या गळ्यात बारा नारळ बांधले आणि टोपलीखालचा तुपाचा डबा परत दिला.

मग जे चालू झालं ते मी कामावरच्या गवंड्यांना सांगायचो आणि ते पोट धरून हसायचे. नारळाचं दूध डोळे मिटून काढणाऱ्या बाईंना करडई काही केल्या येईना. एक दिवस फडकं घेतलं ते सुके बोंबील बांधून ठेवलेलं. एक दिवस गुळाच्या जागी मीठ. एक दिवस ढवळता ढवळता वाडीत माकडं आली म्हणून उठून गेल्या आणि सगळं तळाला लागलं. माझी बायको कपाळाला हात लावायची. "अवो मावशी, असं न्हाई! हात हलका ठेवा!" जी तोंडातून शब्द काढत नव्हती ती दिवसभर बोलायला लागली. शिकवायचं म्हणजे बसावं लागतं, बसलं की भूक लागते, आणि समोर बिरडं तयार असतं. कडू झालेली करडई फेकून देताना मावशी म्हणायच्या, "जाव दे, आता नारलावर भागव," आणि तिच्या भातावर पहिलं दूध ओतायच्या. ती बडबडत बडबडत खायची. हळूहळू तीही भाजी उतरवून मग दूध घालायला लागली. बांगड्या मनगटाकडे परत आल्या.

सासऱ्यांचं कार्ड यायचं: बाईंना आलं का? बायको माझ्याकडून लिहून घ्यायची: अजून नाही.

मला कधी कळलं ते सांगतो. एका सकाळी मी पाट्याशी बसलेल्या मावशींचा हात पाहत होतो. गवंड्याला हात कळतो. ज्याला काम येत नाही त्याची वीट कशीही वाकडी बसते, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. पण ज्याला येतं आणि मुद्दाम वाकडी लावायची आहे, त्याचा हात आधी सरळ जागेवर जातो, क्षणभर थांबतो आणि मग सरकतो. मावशींचा वरवंटा तसा थांबत होता. मी कोणाला बोललो नाही. त्या दिवसापासून मात्र मी भातावरची साय बाजूला सारली नाही. आवडली म्हणून नव्हे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पुढे एकदा कामावरचा ट्रक आला नाही म्हणून मी घरी होतो. पडवीत थापी घासत बसलो होतो. बायको धुणं घेऊन विहिरीवर गेलेली. मागच्या अंगणात नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सोललेल्या सालींचा, ढीग होता, त्याच्या आडोशाला मावशी बसल्या होत्या, पुढ्यात वाटी. साबण संपला म्हणून बायको अर्ध्यातून परत आली आणि सरळ मागच्या बाजूने आली. वाटीत करडईचं दूध होतं. मला पडवीतून दिसलं. दाट, गुळगुळीत, जराही टरफल नाही, चमच्यावरून लोण्यासारखं उतरणारं. आमच्या आईला असं जमलं नव्हतं.

मावशींनी मान वर केली. ज्या बाईने भटजी, पोस्टमन, मी आणि माझा सासरा, कोणाला शेवटचा शब्द बोलू दिला नाही, त्या बाईने चोरी पकडल्यासारखा चमचा हळूच वाटीत ठेवला. मी थापी खाली ठेवली. शिकवणी संपली होती. आता एक कार्ड गेलं की माझी बायको गेली.

मावशींनी वाटी पुढे केली. "चाख ग," त्या म्हणाल्या. "अजून कच्चाच हाय ना?"

बायकोने धुण्याची बादली खाली ठेवली. बोट बुडवलं, चाखलं. बराच वेळ घेतला. मग पदराने बोट पुसलं.

"हो मावशी," ती म्हणाली. "अजून कच्चं हाय. बराच वेळ लागंल तुम्हाला."

"मला वाटलाच," मावशी म्हणाल्या.

त्या आठवड्याच्या कार्डात मी लिहिलं, अजून नाही. त्यावर सासऱ्यांचं उत्तर आलं नाही. बोईसर स्टेशनवर पार्सल आलं. करडईची भली मोठी गोणी होती, आणि तिच्यात चिठ्ठी: बाईंना सावकाश शिकू द्या.

आमची थोरली त्या घरात जन्मली, धाकटाही. पुढे मी जवळच कुंभवलीला दोन खोल्या बांधल्या, स्वतःच्या हाताने. मावशी तिकडे यायच्या, करडई वाटायच्या, बिघडवायच्या आणि नारळावर भागवायच्या. कोणी नवीन माणूस भेटलं की बायको सांगायची, "मावशींना सगळं येतं, एक करडई तेवढी आली न्हाई." मावशी मान डोलवायच्या.

शेवटी त्या अंथरुणाला लागल्या तेव्हा बायको रोज कुंभवलीहून तारापूरला जायची. एका दुपारी मीही गेलो होतो. मावशी फार बारीक झाल्या होत्या. बायको त्यांना उशीवर टेकवून चमच्याने करडईचं दूध पाजत होती. सगळं बळ गोळा करून लटक्या रागाने म्हणाली, "लवकर उठा बघू. शिकवणी अर्धी राहिली आपली."

मावशींनी चमचा हाताने बाजूला केला. तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "राव दे, पोरी," म्हणाल्या. "शिकले तर तू जाशील."

चार दिवसांनी मावशी गेल्या. माझी बायको अजून इथेच आहे, खाऱ्या वाऱ्याला रोज नावं ठेवत.